रिकामा साचा

शालनाक्कानं खडूंचा डबा भरमूच्या अंगणात फेकला. डबा दगडावर आपटून उघडला आणि चोवीस रंगांचे तेलखडू कोंबड्यांच्या पायांत पसरले.

"घे तुझं औषध," ती म्हणाली. "चावून खा, न्हाईतर उगाळून लाव. मला आठ दिस झोप न्हाई."

भरमू चिगरे ओट्यावर बसला होता. डावा हात नेहमीसारखा मांडीवरच्या उशीवर ठेवलेला. तो उठला नाही.

"मी काय केलं तुझं?"

"काय केलंस? तीन तालुक्यांनी फोनवर बघितलंय काय केलंस ते. दात काढून सांगत होतास, पंप काय करतोय, हेच खरं औषध. आता माझा पंप बघ." तिनं पदरावरून पोटाच्या बाजूला बोट दाबलं. "कुलूप घातलंय. आत औषध भरलेलं हाय, पर सुटत न्हाई. का? तर म्हातारीनं मोराच्या चित्रात रंग भरायचा. रोज दोन तास."

"भरून बघितलास?"

"भरला. मोर निळा झाला आणि माझी कंबर लाल."

समोरच्या घरातली दोघंजणं दारात येऊन उभी राहिली होती. त्यांतला एक हसला. शालनाक्कानं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि तो आत गेला. मग ती कमरेवर हात ठेवून, एकेक पाऊल जपून टाकत निघून गेली. पावसाळ्यातल्या चिखलात चालावं तशी ती कोरड्या रस्त्यानं चालत होती.

भरमूला राग आला. तिचा नाही, तिच्या चालीचा. ती चाल खोटी नव्हती हे त्याला कळत होतं.

दोघंही एकाच फाउंड्रीत कामाला होते. शालन भोपळे वाळूचे गाभे बनवायच्या खात्यात बावीस वर्षं उकिडवी बसली, वजनं उचलली, आणि तिच्या कण्याच्या खालच्या दोन चकत्या कायमच्या गेल्या. भरमू मोल्डर होता. मोल्डरचं काम उलटं असतं. बाकीचे लोक वस्तू बनवतात, मोल्डर वस्तूची जागा बनवतो. पेटीत काळी ओलसर वाळू ठासायची, त्यात लाकडी नमुना दाबायचा आणि श्वास धरून नमुना अलगद वर घ्यायचा. मागं राहते ती पोकळी. पोकळीत लोखंडाचा रस ओतला की वस्तू तयार. भरमूला वस्तूत कधी रस नव्हता. गार झालेली वस्तू दुसरेच घेऊन जायचे. त्याचा जीव त्या पोकळीत असायचा. तिच्या कडा, तिचे कोपरे, तिच्यात पडणारी सावली.

नऊ वर्षांपूर्वी त्यानंच केलेल्या एका साच्यात ओल जास्त राहिली. रस ओतला, आत वाफ कोंडली, आणि लाल रस उसळून त्याच्या डाव्या खांद्यावर आला. सहा महिन्यांत जखम बुजली. आग मात्र बुजली नाही. खांद्यापासून करंगळीपर्यंत ती रात्रंदिवस चालूच राहिली. डॉक्टर म्हणाले, जखम भरली, आता दुखायला काही उरलं नाही. मॅनेजर म्हणाला, चिगरेला हलकं काम पाहिजे म्हणून सोंग चाललंय. बायको चार वर्षांपूर्वी वारली, तीही जाता जाता म्हणाली, "आता तरी कण्हायचं थांबवा, मला शांतपणी जाऊ द्या."

मग वेदनापट्टी आली.

बोटाएवढी पट्टी, कानामागं कातडीला चिकटणारी. तिच्यामागचं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. वेदना खांद्यात नसते, ती मेंदूत घडते. खांद्यातून नुसता निरोप जातो. भरमूचे भाजलेले मज्जातंतू परत जुळताना वेडेवाकडे जुळले होते आणि काही घडत नसतानाही निरोप पाठवत होते. आग विझलेल्या घरातून कुणी ओरडत राहावं तसे. पट्टी मेंदूतल्या चार-पाच जागांचा रक्तप्रवाह आणि विजेच्या लहरी वाचायची, त्या माणसाच्या मेंदूशी जुळवून घ्यायची आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा सांगायची. सोंगानं तो आकडा वाढत नसे. कुणी चिमटा घेतला, जीभ चावली, तर पट्टी ती नवी इजा म्हणून वेगळी काढून दाखवी.

भरमूचा पहिला आकडा अठ्ठ्याहत्तर आला. सरकारी वेदना मंडळाच्या केंद्रातल्या डॉक्टरनं पडदा त्याच्याकडं वळवला तेव्हा भरमूनं त्याचा फोटो काढला आणि तिथंच बसून मॅनेजरला आणि दोन्ही मेहुण्यांना पाठवला. खाली काही लिहिलं नाही. त्याला वाटलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्या बाजूनं बोललं.

आकड्यामागोमाग पंप मिळाला. पोटाच्या कातडीखाली बसवलेला, त्यातून एक बारीक नळी थेट कण्यापर्यंत. आत समुद्रातल्या एका विषारी गोगलगाईच्या विषावरून बनवलेलं औषध. आकडा पंचावन्नच्या वर गेला की पंप आपोआप एक थेंब सोडायचा. आग विझायची नाही, पण तिच्याशेजारी बसता यायचं. अट एकच होती. महिन्याची सरासरी चाळीसच्या खाली आली की पंपाला कुलूप. ज्याला दुखत नाही त्याला औषध कशाला?

भरमूची सून समृद्धी त्याच केंद्रात पट्ट्या तपासायच्या कामाला होती. मुलगा होसूरला कारखान्यात, वर्षातून दोनदा यायचा. घरात हे दोघंच. एकमेकांशी बोलायचं कारण दोघंही शोधत नसत. त्या भागातल्या रीतीनं ती सासऱ्याला मामा म्हणायची, पण ते म्हणताना तिच्या आवाजात नातं कमी आणि हजेरी जास्त असायची.

केंद्रानं प्रत्येकाला एक वही दिली होती. कधी दुखलं, तेव्हा काय करत होतात, ते लिहायचं. भरमूला लिहायचा कंटाळा. एका दुपारी तो वही आणि पेन्सिल घेऊन नुसता बसला होता. खिडकीत पाण्याचा तांब्या होता. त्यानं तांब्याच्या बाजूची हवा काळी करायला सुरुवात केली. तांब्या काढलाच नाही. खिडकीचा गज, भिंत, गळ्याच्या वळणाशी साचलेली सावली, हे सगळं पेन्सिलीनं ठासत गेला, वाळू ठासावी तसं. कडेला आला की हात हलका करायचा, कोपऱ्यात बोटानं दाबायचं. शाळेच्या मास्तरांनी बघितलं असतं तर कान पिळला असता, उलटं काढतोस म्हणून. शेवटी कागदावर काळोख उरला आणि काळोखात एक पांढरा तांब्या, कुणी आत्ताच उचलून नेल्यासारखा.

मान वर केली तर उन्हं गेली होती आणि समृद्धी दारात उभी होती.

"मामा, तुमचा आकडा तेवीस आहे."

"पट्टी बिघडली असणार," असं म्हणून भरमूनं कानामागं दोन चापट्या मारल्या.

"मारू नका, सरकारी आहे ती." तिनं हातातल्या यंत्रावर परत बघितलं. "बिघडली नाही. अडीच तास तेवीस-चोवीसच आहे. काय करत होता?"

त्यानं वही दाखवली. तिनं पान दिव्याखाली धरलं. मग तिनं त्याला समजावून सांगितलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याच्याशी इतकं बोलली. मेंदूच्या मधोमध एक जागा असते. माणूस एखाद्या गोष्टीत पुरता बुडाला की ती जागा कण्यात खाली हुकूम पाठवते, दार लावा, कुणालाही वर सोडू नका. मग निरोप येतात पण दारातच अडकतात. लढाईत गोळी लागलेल्याला कळत नाही ते याच्यामुळंच. "औषधसुद्धा तेच दार लावतं," ती म्हणाली. "तुम्ही ते आतून लावलं."

तिनं हे सांगेपर्यंत पेन्सिल खाली ठेवून अर्धा तास झाला होता. दार उघडलं. अडीच तास तुंबलेलं सगळं एकदम आत आलं आणि आकडा शहाऐंशीवर गेला. भरमू उशीवर हात दाबून वाकला. पण समृद्धीचं लक्ष त्या वेळेला अडीच तासांच्या सरळ, खाली उतरलेल्या रेषेवर होतं.

त्यानंतर तो रोज दुपारी बसायचा. अडकित्ता, खुरपं, झोपलेली कोंबडी, दोरीवरचा सदरा. सगळं पांढरं, सगळं नसलेलं. पेन्सिली संपल्या तेव्हा चुलीतला कोळसा घेतला. आयुष्यात कुणासाठी नाही, विकायला नाही, असं काही त्यानं पहिल्यांदाच केलं होतं. त्या दोन तासांत त्याला खांदाच नसायचा. उठल्यावर आग दुप्पट यायची, पण तो ती सोसायचा, कारण उद्या परत दुपार होती.

समृद्धीनं त्याला न विचारता सगळे आकडे मंडळाला पाठवले.

आठवड्याभरात मंडळाचे अधिकारी इंद्रनील सोमण घरी आले. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. त्यांनी चित्रं पाहिली, वा वा केलं, एक उलटं धरून वा वा केलं. मग कॅमेरा लावला आणि विचारलं, "काका, पंप बरा की हे?"

भरमूकडं आजवर कुणी कॅमेरा वळवला नव्हता. त्यानं मिशीवरून हात फिरवला. "पंप काय करतोय? हेच खरं औषध," तो म्हणाला. उठल्यावरच्या आगीबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. फुशारकी मारताना माणूस पदरचं खोटं नाणं तेवढं झाकतो.

पुढच्या महिन्यात औषधाऐवजी चित्रं असा मंडळाचा नियम आला आणि तीन तालुक्यांतल्या चारशे बारा माणसांच्या पंपांना कुलूप लागलं. प्रत्येकाच्या हातात खडूंचा डबा आणि छापील चित्रांची वही आली. मोर, कमळ, आगगाडी, सगळं बाह्यरेषेत. आत रंग भरायचा. नाव होतं रेखा उपचार. पहिलं कुलूप भरमूच्याच पंपाला लागलं, कारण त्याचा दुपारचा आकडा सगळ्यांत खाली होता.

शालनाक्का डबा फेकून गेली त्या संध्याकाळी भरमू सुनेवर उखडला.

"तुला कुणी सांगितलं हुतं माझं आकडं वाटायला?"

"वाटायला म्हणजे काय? ते माझं काम आहे."

"लोक माझ्या नावानं बोटं मोडायला लागल्यात. गिरणीत गेलो तर दळण घेईनात. म्हणतात, मोराचं पीठ देऊ काय?"

"महिनाभर मोडतील. सवय होईल." ती भाकरी थापत होती, वर बघत नव्हती. "पंपाच्या औषधानं माणसाचं काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. माझी आई शेवटचं दीड वर्ष मला ओळखत नव्हती. मी भाजी विकायला आलेय म्हणायची. दारातून हाकलायची. दुखत नव्हतं तिला, आकडा अगदी छान होता." भाकरी तव्यावर पडली. "त्या औषधाशिवाय काही निघालं तर मी ते पाठवणार. तुमचं असो नाहीतर कुणाचं."

भरमू तव्याकडं बघून म्हणाला, "भाकरी करपली."

"करपू दे. तुम्हालाच वाढणार आहे."

दुसऱ्या दिवशी तो शालनाक्काच्या घरी गेला. माफी मागायला नाही. तिला जमत नाही म्हणून आपल्यावर राग काढते, हे तिला दाखवून द्यायला. अंगणातून गोळा केलेले खडू त्यानं पिशवीत घातले होते.

ती भिंतीला टेकून पडली होती. उठून बसायचेही कष्ट तिनं घेतले नाहीत.

"आलास? अजून कुणाचा पंप ऱ्हायलाय काय बंद करायचा?"

"तुझी ती वही दे. कसं करायचं ते दावतो."

"दाव. राजा हाईस तू, दोन तासांचा."

त्यानं वही उघडली. आगगाडीच्या इंजिनाचं चित्र निघालं. काळ्या रेषेच्या आत पांढरी मोकळी जागा. एवढा चांगला साचा कुणीतरी आयता करून दिला होता. हाताला लाल खडू लागला. त्यानं वरच्या कोपऱ्यातून भरायला सुरुवात केली. लाल रंग रेषेशी आला, वळला, खालच्या अरुंद भागात उतरला, कोपऱ्यात गोळा झाला.

आणि भरमूचा हात थबकला. मोल्डरच्या हातानं पोकळीत लाल भरणं म्हणजे एकच गोष्ट, रस ओतणं. त्याच्या हातानं ते ओळखलं, मग खांद्यानं ओळखलं. साच्यात ओल राहिली होती. आता उसळणार. खडू खाली पडला. डाव्या हाताला इतकी आग लागली की तो भिंतीकडं तोंड करून ओरडला.

शालनाक्का कशीबशी उठली. तिनं त्याच्या कानामागच्या पट्टीवरचा बारीक आकडा बघितला. "एक्याण्णव," ती म्हणाली. पाण्याचा पेला आणून तिनं त्याच्या तोंडाशी धरला आणि तो पीत असताना म्हणाली, "लई बरं झालं."

"माणूस हाईस का कोण?"

"बरं झालं म्हणते ते ऐक. शुक्रवारी कोल्हापुरात सुनावणी हाय. मोठी माणसं येणार, तुला पडद्यापुढं बसवून चित्र काढाय लावणार. आकडा खाली गेला की ह्यो नियम कायमचा, सगळ्या राज्याला. मग आमी मरेपतोर मोर रंगवायचे."

"मी जातच न्हाई."

"न गेलास तरी तुझं जुनं आकडं हाईत त्यांच्याकडं. ते पुरतील त्यांना. जा, आणि आत्ता केलंस ते तिथं कर. हे खोटं न्हाई, पट्टीला धरता येणार न्हाई."

भरमूनं घाम पुसला. "तुला सांगतो, वाळूचा साचा एकदाच चालतोय. रस वतला की तो फोडायलाच लागतो. तिथं मी ह्ये केलं, तर मला परत काढता येईल का न्हाई ठाऊक न्हाई."

"म्हणजे तुझी दोन तासांची मजा जाईल."

"मजा न्हाई ती."

"मग काय हाय?"

भरमूनं पडलेला खडू उचलला. नऊ वर्षांत दिवसातले तेवढेच दोन तास त्याचे होते, हे असल्या बाईला कसं सांगायचं? तिला तर दोन मिनिटंही मिळत नव्हती. ते तिच्या तोंडाकडं बघूनच कळत होतं, आणि त्यामुळंच त्याला ती अजिबात आवडत नव्हती.

"माझं औषध माझ्या पोटात हाय," शालनाक्का परत भिंतीला टेकत म्हणाली, "आणि त्याची किल्ली तुझ्या त्या कोळशात हाय. काय करायचं ते कर. खडू घेऊन जा तेवढे."

शुक्रवारपर्यंत तो रोज बसला. पहिल्या दिवशी एक लाल ओघळ मनात आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. आकडा परत चोवीसवर उतरला. खांदा नाहीसा झाला. गुरुवारी त्यानं दाराआडच्या चपलांचा जोड काढला. तो आजवरचा सगळ्यांत चांगला उतरला. त्याच्याकडं बघताना त्याच्या मनात आलं, उद्या तोंडातून एक शब्द न काढता, नेहमीसारखं काढावं आणि घरी यावं. लोक बोटं मोडतात, मोडू देत. सवय होईल, सून म्हणालीच आहे.

सुनावणीचं दालन थंडगार होतं. टेबलामागं तिघं, मधोमध अध्यक्षबाई. बाजूला सोमण. मागच्या खुर्च्यांवर पंप बंद असलेली तीस-चाळीस माणसं, वेगवेगळ्या कुशीवर कलंडून बसलेली. भरमू आत आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आले बघा चित्रकार." दुसरं कुणीतरी थुंकल्यासारखा आवाज केला. शालनाक्का शेवटच्या रांगेत उभी होती. बसणं तिला झेपत नव्हतं. ती त्याच्याकडं बघतही नव्हती.

समृद्धीनं त्याच्या कानामागं नवी पट्टी लावली. तिचे हात गार होते. "मामा, नीट काढा," ती हळूच म्हणाली.

"नीटच काढणार."

समोरच्या भिंतीवर आकडा उमटला. एकोणऐंशी. भरमूनं डावा हात टेबलावर कागदापुढं ठेवला आणि उजव्या हातात कोळसा घेतला. स्वतःचा हात त्यानं आजवर कधी काढला नव्हता. त्यानं हाताच्या भोवतीचं टेबल काळं करायला घेतलं. बोटांमधल्या फटी, मनगटाखालची सावली, कोपराचा खड्डा, दंडावरून खांद्यापर्यंतची कड. दालन हळूहळू नाहीसं झालं. सोमण टेबलामागच्या तिघांना काही सांगत होते, सहासष्ट, बघा, आता एकावन्न. अर्ध्या तासात कागदावर काळोख भरला आणि त्यात एक पांढरा हात उरला. न भाजलेला. भिंतीवर बावीस होतं.

"हा केवळ एक माणूस नाही," सोमण म्हणाले, "हा मार्ग आहे. कोणताही दुष्परिणाम नाही. आपण इथंच थांबू शकतो."

भरमू कागदाकडं बघत होता. आपला हात असा होता. मागं कुणीतरी कूस बदलताना कण्हलं, दाबून, शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये इतकं. नऊ वर्षं तो तसाच कण्हला होता. बायको मरेपर्यंत त्या आवाजाला कंटाळली होती.

"थांबा," तो म्हणाला. "अजून झालं न्हाई."

"झालंय की काका, सुंदर झालंय."

"तुमी लोकांना रंग भराय देताय न्हवं? मग मी बी भरतो. लाल खडू द्या."

अध्यक्षबाईंनी मान हलवली. सोमणांनीच हसत खडू पुढं केला. समृद्धी हसली नाही. तिनं सासऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि ती एक पाऊल पुढं येऊन थांबली.

भरमूनं खांद्यापासून सुरुवात केली. घाई केली नाही. रस घाईनं ओतायचा नसतो, धार तुटू द्यायची नसते. लाल रंग दंडात उतरला, कोपराशी थबकला, पुढं सरकला. भिंतीवर एक्केचाळीस झाले. मनगटाशी अडुसष्ट. बोटांच्या पाच अरुंद वाटांत रंग शिरला तेव्हा भरमूचा डावा हात टेबलावर मासळीसारखा उडायला लागला. उजवा हात भरतच राहिला. करंगळीच्या टोकाला पोचेपर्यंत शहाण्णव. पडद्याच्या खालच्या ओळीत यंत्रानं आपणहून लिहिलं, नवी इजा नाही.

समृद्धी धावली, तिनं त्याला मागून धरलं. तो खुर्चीवरून घसरला होता.

"हे मुद्दाम केलंत तुम्ही," सोमणांचा आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता.

भरमूला धड श्वास घेता येत नव्हता. "पट्टीला विचारा. खोटं असलं तर ती सांगती म्हणं."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. रंग भरायला लावून आकडा चौऱ्याहत्तरनं वाढतो असा उपचार त्या चारशे बारा माणसांवर चाललाय का, असं त्यांनी सोमणांना शांतपणे विचारलं. सोमणांनी सांगायचा प्रयत्न केला की हा माणूस मोल्डर होता, हे त्याच्यापुरतंच आहे. "खाली आलेला आकडाही मग त्याच्यापुरताच असेल," बाई म्हणाल्या. संध्याकाळी पंपांची कुलपं निघाली. आदेशात सरासरीची अटही काढून टाकली होती.

गाडीतून परत येताना पन्हाळ्याकडचे डोंगर मागं पडले तेव्हा समृद्धीनं त्याच्याकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, "मी काल रात्री तुमचा चपलांचा कागद बघितला. इतकं खरं मी काही बघितलं नव्हतं. तुम्ही ते सगळ्यांसमोर खोटं पाडलंत."

"खोटं न्हवतं ते."

"मला माहीत आहे. त्यांना नाही." मग ती म्हणाली, "आता आणखी कितीतरी जणींच्या आया लेकींना ओळखायच्या नाहीत."

भरमूनं डोकं काचेला टेकलं. त्याच्या पंपानं दोन थेंब सोडले होते. जीभ जड झाली होती.

गावात कुणी आभार मानले नाहीत. गिरणीवाल्यानं दळण घेतलं एवढंच, आणि वर सुनावलं, "तुझ्यामुळंच बंद झालं हुतं, तुझ्यामुळंच सुरू झालं. उपकार कसले?" शालनाक्का रस्त्यात भेटली. ती पहिल्यापेक्षा सरळ चालत होती. पुढं गेल्यावर तिनं मागं वळून विचारलं, "काढतोस का अजून?" भरमूनं ऐकलं नाही असं दाखवलं.

तो दुपारी बसत होता. आधी तांब्या घेतला. भोवतीचं काळं करत आणलं, कड जुळत आली, आणि पांढऱ्या जागेत लाल उतरायला लागलं. त्यानं कागद उलटा केला. मग दोरीवरचा सदरा, मग रिकामी खुर्ची, मग कोंबडी, मग नुसती भिंतीतली खुंटी, जिच्यात काही ओतावं एवढी जागाही नव्हती. तिच्यातही ओतलं गेलं. आकडा सत्तरच्या खाली येईना. पोकळी मोकळी राहायचं विसरून गेली होती. त्यानं वीस-बावीस दिवस तसे काढले. एके दिवशी त्यानं वही मिटून चुलीजवळच्या लाकडांवर टाकली आणि कोळसा चुलीत घातला.

महिनाअखेरीला समृद्धी केंद्राचा नवा तक्ता घेऊन ओट्यावर बसली. प्रत्येक रुग्णाचा भरायचा होता. वय, इजा, औषधाचे थेंब, झोप. ती विचारायची, तो एका शब्दात सांगायचा.

"छंद आहे का?" तिनं विचारलं.

भरमूनं मांडीवरची उशी जरा वर ओढली. "हुता म्हणून लिही."

तिनं तक्त्यावर बोट ठेवलं. होय आणि नाही असे दोनच चौकोन होते. तिनं पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. मग "नाही"वर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.